कर शून्य, दलाली मात्र रोख

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर झरी जामणी हा तालुका वसला आहे. नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कोलाम, गोंड, परधान या वनवासी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. तालुक्यातील अनेक गावे घटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडतात. पाऊस बरा झाला तर कापूस, नाही झाला तर कर्ज, हेच येथल्या शेतीचे अर्थशास्त्र. अशा तालुक्याचा आयकराशी संबंध तो काय, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वाचकाला पडणे साहजिक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, मजुराची कमाई करपात्र मर्यादेच्या खाली, मग उरले कोण?

उरणाऱ्यांची यादी दिसते तेवढी लहान नाही. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, आश्रमशाळेचे कर्मचारी, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका आणि निवृत्त शिपाई हे तिच्यात येतात. शेजारच्या वणी भागातील कोळसा खाणीत नोकरी करणारे कामगार येतात. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात, म्हणजे २०२२ साली उत्पादन सुरू झालेल्या प्रकल्पात, ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे तरुण येतात. स्वतःची गाडी भाड्याने लावणारे, छोटी कंत्राटे घेणारे, किराणा आणि कृषी केंद्र चालविणारेही येतात. या सर्वांना वर्षातून एकदा आयकर विवरणपत्र नावाच्या संकटाला तोंड द्यावे लागते. त्यांच्यापैकी बहुतेकांवर एक रुपयाही कर निघत नाही. तरीही त्यांच्या खिशातून पैसा जातो. तो सरकारी तिजोरीत पडत नाही, विवरणपत्र ‘भरून देणाऱ्या’च्या गल्ल्यात पडतो.

हा अन्याय आहे. कोणी छाती पिटावी इतका तो मोठा दिसत नाही, म्हणूनच तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू आहे.

शून्याचा हिशेब

एक साधे उदाहरण घ्यावे. एखाद्या शिक्षकाचा पगार दरमहा ६० हजार रुपये आहे असे समजू. वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. नव्या करप्रणालीनुसार पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. उरले ६ लाख ४५ हजार. २०२५ च्या अर्थसंकल्पाने ठरविलेल्या टप्प्यांप्रमाणे पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या २ लाख ४५ हजारांवर पाच टक्के, म्हणजे १२ हजार २५० रुपये. परंतु करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने हा सारा कर सवलतीच्या रूपाने माफ होतो. देणे शून्य.

सरकारने हे औदार्य दाखविले, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मध्यमवर्गाला इतका मोठा दिलासा पूर्वी क्वचितच मिळाला असेल. पण औदार्याच्या या ताटातच एक खडा राहून गेला आहे. कर माफ झाला तो १२ लाखांपर्यंत. विवरणपत्र भरण्याचे बंधन मात्र ४ लाखांपासूनच लागू होते. या दोन आकड्यांच्या मधोमध जो माणूस उभा आहे, त्याने सरकारला काही द्यायचे नाही, पण ‘मला काही द्यायचे नाही’ हे सरकारला विहित नमुन्यात, विहित मुदतीत, संगणकावरून कळवायचे. मुदत चुकली तर? करपात्र उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार आणि त्याहून अधिक असेल तर ५ हजार रुपये विलंब शुल्क. वरच्या उदाहरणातील शिक्षकाने वेळेत विवरणपत्र दिले तर त्याचा कर शून्य. आजारपणात, लग्नकार्यात किंवा पेरणीच्या गडबडीत मुदत हुकली तर त्याच शून्य करावर ५ हजारांचा भुर्दंड! ज्या गुन्ह्यात सरकारचे एका पैचेही नुकसान झालेले नाही, त्या गुन्ह्याला एवढा दंड कोणत्या न्यायाने?

ही स्थिती मूठभरांची नाही. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशभरात ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली होती. दरवर्षी दाखल होणाऱ्या विवरणपत्रांपैकी निम्म्याहून अधिक विवरणपत्रांत देय कर शून्य असतो. म्हणजे या देशात कर देणाऱ्यांपेक्षा ‘कर नाही’ असे लिहून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि ते लिहून देण्यासाठी त्यांना दुसऱ्याच्या दारात जावे लागते.

‘सहज’ कोणासाठी?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. आयकर विभागाचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. पगारदारासाठी ‘सहज’ नावाचा सोपा अर्ज आहे. त्यात पगार, व्याज, करकपात यांचे आकडे आधीच भरलेले येतात. मग शिकलासवरलेला शिक्षक स्वतःच का भरत नाही? हा आक्षेप वातानुकूलित खोलीत बसून घ्यायला ठीक आहे. झरीच्या मातीत तो टिकत नाही.

‘सहज’ हा अर्ज ज्याचे शेती उत्पन्न ५ हजार रुपयांपेक्षा जास्त नाही, त्यालाच वापरता येतो. छोट्या व्यावसायिकांच्या ‘सुगम’ अर्जालाही हीच अट आहे. आता कापसाच्या पट्ट्यातला असा कोणता शिक्षक, ग्रामसेवक किंवा दुकानदार आहे, की ज्याच्या नावावर वडिलोपार्जित चार-दोन एकर जमीन नाही? आणि चार एकरांत ५ हजार रुपयांचेही उत्पन्न निघत नसेल, तर ती शेती कसली? साहजिकच कायदा पाळणाऱ्या माणसाला ‘सहज’चे दार बंद होते. त्याला अधिक लांबलचक आणि अधिक क्लिष्ट असा दुसरा अर्ज भरावा लागतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते कराचा दर ठरविण्यासाठी मिळवायचे आणि मग वजा करायचे, हे गणित त्यात येते. वरच्या उदाहरणातील शिक्षकाला कापसाचे निव्वळ १ लाख रुपये मिळाले असे धरले, तर हे सारे गणित करूनही उत्तर तेच येते: आधी १२ हजार २५०, मग सवलत, मग शून्य! डोंगर पोखरून उंदीरही निघत नाही. पण पोखरणाऱ्याची मजुरी द्यावीच लागते.

ज्यांनी हे अर्ज बेतले, त्यांच्या डोळ्यांपुढे नोकरदार म्हणजे सदनिकेत राहणारा, शेतीशी नाळ तुटलेला शहरी माणूस होता. ग्रामीण भारतात नोकरी आणि शेती एकाच घरात, एकाच माणसाच्या अंगावर नांदतात, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. ‘सहज’ आणि ‘सुगम’ ही सुंदर भारतीय नावे अर्जांना दिली. अर्जांत भारत मात्र उतरला नाही.

पुढे भाषेचा प्रश्न आहे. कायद्याची, अर्जाची आणि नोटिशीची भाषा इंग्रजी, फार तर हिंदी. ज्या तालुक्यात घरात कोलामी किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि बाजारात तेलुगूही बोलली जाते, तेथे ‘मागणीची सूचना’ इंग्रजीत मोबाइलवर येऊन पडते. ती वाचून घेण्यासाठी पैसे, तिचे उत्तर लिहून घेण्यासाठी पुन्हा पैसे. शिक्षकांना वेतन आयोगाच्या थकबाकीचे हप्ते मिळाले, त्यावर कायद्याने करसवलत आहे. पण ती घ्यायची तर विवरणपत्राच्या आधी एक वेगळा अर्ज संगणकावरच भरावा लागतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा हक्क गेला. ज्याला ठाऊक आहे, तो त्या ठाऊक असण्याचे मोल घेतो.

खर्च केवळ शुल्काचा नाही

विवरणपत्र भरून देण्याचे शुल्क किती, याला कसलाही धरबंध नाही. कोठे पाचशे, कोठे हजार, धंद्याचा हिशेब असेल तर त्याहून कितीतरी अधिक. सनदी लेखापाल गाठायचा तर बहुधा वणी, पांढरकवडा किंवा यवतमाळ गाठावे लागते. एक खेप कागद देण्यासाठी, दुसरी राहिलेला कागद देण्यासाठी, तिसरी सही किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगण्यासाठी. बसचे भाडे, बुडालेली मजुरी, काढलेली रजा हे सारे त्या शुल्कात मिळविले पाहिजे. लेखापाल वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असेल, तर त्याच्या शुल्कावर १८ टक्के कर आणखी. म्हणजे एका कराचा कागद भरण्यासाठी दुसरा कर! व्यापारी हा सारा खर्च धंद्याच्या खर्चात दाखवू शकतो. पगारदाराला तशी मुभा नाही. करनिर्धारणाच्या कार्यवाहीवरील खर्चाची वजावट देणारे ८०वीवी हे कलम एके काळी आयकर कायद्यात होते. १९८० च्या दशकात तेही वगळण्यात आले.

या खर्चाचे मोजमाप झालेच नाही असे नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेने या शतकाच्या आरंभी वैयक्तिक आयकराच्या अनुपालन खर्चाचा अभ्यास केला होता. नमुना मर्यादित होता आणि अंदाज प्राथमिक होते. पण करदात्यांवर पडणारा हा अदृश्य बोजा करमहसुलाच्या तुलनेत फार मोठा आहे, हे त्यातून पुढे आले. २००२ साली डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलानेही प्रत्यक्ष करांच्या सुलभीकरणावर आणि करदात्याच्या सोयीवर भर दिला होता. त्यानंतर संगणक आले, बंगळुरूचे केंद्रीय प्रक्रिया केंद्र आले, परतावे महिन्यांऐवजी दिवसांत मिळू लागले. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण यंत्र सरकारच्या दारात वेगवान झाले. झरीच्या दारातली वाट होती तशीच खडबडीत राहिली.

ज्यांची करकपात झाली आहे, त्यांची अडचण आणखी वेगळी. ठेकेदाराच्या देयकातून कापलेला एक टक्का, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावरील व्याजातून कापलेला कर, हा पैसा मूळचा त्या माणसाचाच असतो. तो परत हवा तर विवरणपत्र भरलेच पाहिजे. पॅन आणि आधार यांची जोडणी ३० जून २०२३ पर्यंत राहून गेली असेल, तर १ हजार रुपये भरून ती आधी करा. तोवर पॅन निष्क्रिय, कपात चढ्या दराने आणि परतावा अडकलेला. आधारवरचे नाव एक, पॅनवरचे दुसरे आणि सातबाऱ्यावरचे तिसरे असण्याचे प्रकार खेड्यापाड्यांत सर्रास आढळतात. प्रत्येक दुरुस्तीमागे एक खेप आणि प्रत्येक खेपेमागे एक चिठ्ठी ठरलेली. शेवटी कित्येक जण कंटाळून आपला हक्काचा पैसा सोडून देतात. गरिबाने सोडलेल्या या दोन-चार हजारांची कोणत्याही अर्थसंकल्पात नोंद नसते.

परताव्याचे दलाल

आतापर्यंत झाले ते गैरसोयीचे वर्णन. पण जेथे राज्यसंस्था सोय करीत नाही, तेथे दलाल सोय करतो आणि त्याची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर मोठी पडताळणी मोहीम उघडली. विवरणपत्रे भरून देणारे काही मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देत होते आणि त्या परताव्यात टक्केवारी घेत होते, असे विभागाने जाहीर केले. ज्या राज्यांत ही बनवाबनवी आढळली, त्यांत महाराष्ट्राचेही नाव होते. राजकीय पक्षांना न दिलेली देणगी, न भरलेले घरभाडे, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न झालेला आजार हे सारे कागदावर उभे करण्यात आले. विभागाने दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १ हजार ४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

यात फसले कोण? बनावट परतावा जाणूनबुजून घेणारे त्यांत होतेच. त्यांची कीव करण्याचे कारण नाही. पण ज्याने केवळ ‘सगळे घेतात, तुम्हीही घ्या’ या शब्दांवर विश्वास ठेवून आपला पॅन आणि मोबाइल दलालाच्या हाती दिला, असेही त्यांत असतात. दलाल करदात्याच्या नावाने स्वतःचाच तात्पुरता ई-मेल पत्ता नोंदवितो. नोटीस त्या पत्त्यावर जाते. करदात्याला तिचा थांगपत्ता लागत नाही. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपविल्याबद्दल करचुकवेगिरीच्या दुप्पट, म्हणजे २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तो कोणावर? ज्याच्या नावाचे विवरणपत्र आहे त्याच्यावर. दलाल टक्केवारी घेऊन मोकळा.

कौटिल्याने अर्थशास्त्रात राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. आज ते हयात असते तर त्यांना एकेचाळिसावा प्रकार लिहावा लागला असता. यात राजकोश लुटला जातोच. पण लुटीचा आळ ज्याच्या माथी येतो तो बिचारा लुटीचा धनीही नसतो.

या गोंधळाला आणखी एक फाटा फुटला आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीतून आयकर भरणारी कुटुंबे वगळली आहेत. २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतही कुटुंबात आयकरदाता असल्यास लाभ मिळत नाही. वास्तविक कर भरणे आणि विवरणपत्र भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पण ‘रिटर्न भरले की योजना बंद’ ही भीती एकदा गावात पसरली की ट्रॅक्टरच्या किंवा मुलाच्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेला तीन वर्षांची विवरणपत्रे हवी असूनही शेतकरी ती भरत नाही. आणि भरायची वेळ आलीच तर ‘योजना वाचवून’ भरून देण्याचे वेगळे पैसे घेणारा कोणीतरी भेटतोच. अज्ञान हेच ज्याचे भांडवल, त्याचा धंदा बुडत नाही.

इजाऱ्याची परंपरा

यवतमाळ जिल्ह्याला मध्यस्थांच्या या राज्याची जुनी ओळख आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती जाण्यापूर्वी निजामाच्या अमलात येथला महसूल सावकार आणि मक्तेदारांकडे लावून दिला जाई. सरकारला ठराविक रक्कम मिळाली की झाले. रयतेकडून किती उकळायचे हे मक्तेदाराने ठरवायचे. पुढे इंग्रजी अमदानीत, जेव्हा हा जिल्हा ‘वणी’ किंवा ‘वून’ या नावाने ओळखला जाई, तेव्हा पडीक जमिनी ‘इजाऱ्या’ने दिल्या गेल्या. १९०५ साली जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. पण अनेक गावांच्या नावांना चिकटलेला ‘इजारा’ हा शब्द आजही कायम आहे.

याच महाराष्ट्रात दोनशे वर्षे आधी एक वेगळा वस्तुपाठ घालून दिला गेला होता. रयत आणि राज्य यांच्यामध्ये बसून दोन्हीकडून खाणाऱ्या देशमुख-देशपांड्यांच्या वतनदारीला छत्रपती शिवाजी महाराजांनी लगाम घातला. अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली जमीन काठीने मोजून धारा ठरविण्यात आला, वसुलीसाठी पगारी कारकून नेमले गेले. रयतेने काय द्यायचे हे रयतेला कळले पाहिजे आणि ते थेट राज्याला देता आले पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. करपद्धतीची कसोटी तीच. ज्या राज्यात कर देणाऱ्याला आपले देणे किती हे दुसऱ्याला विचारावे लागते आणि त्या विचारण्याचेही पैसे मोजावे लागतात, तेथे इजारा संपलेला नसतो. त्याने केवळ संगणकावरचा वेश धारण केलेला असतो.

विरोधाभास असा की, साऱ्या देशाच्या आयकर अधिकाऱ्यांना घडविणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच विदर्भात, नागपुरात आहे. १९५७ पासून भारतीय महसूल सेवेतील अधिकाऱ्यांच्या पिढ्या तेथे शिकून गेल्या. पण आदिवासी तालुक्यातला करदाता आपले साधे विवरणपत्र कसे भरतो, हे पाहण्यासाठी नागपूरहून झरीपर्यंतची वाट त्यांतील किती जणांनी तुडविली असेल?

एक बरी योजना आणि तिचे कुपोषण

सरकारला हा प्रश्न कधी दिसलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००६ साली केंद्र सरकारने ‘कर विवरणपत्र सज्जकर्ता’ योजना आणली. वाणिज्य, कायदा, अर्थशास्त्र, गणित अशा विषयांच्या पदवीधर तरुणांना प्रशिक्षण द्यायचे, ओळखपत्र द्यायचे आणि त्यांनी छोट्या करदात्यांची विवरणपत्रे माफक दरात भरून द्यायची, अशी ही कल्पना. करदात्याकडून जास्तीत जास्त २५० रुपये घेता येतील, अशी मर्यादा घातली होती. बेकार पदवीधराला काम आणि करदात्याला दिलासा, असा दुहेरी लाभ त्यात होता.

मग माशी कोठे शिंकली? सज्जकर्त्याचे मानधन करदात्याने भरलेल्या कराच्या टक्केवारीशी बांधले होते: पहिल्या वर्षी तीन टक्के, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. कर शून्य असेल तर टक्केवारीही शून्य. मग तो तरुण झरी, मारेगाव, धडगाव, भामरागड येथे का थांबेल? तो नागपूर-पुण्याचीच वाट धरणार. ज्या भागात योजनेची सर्वाधिक गरज, तेथेच तिचे पोषण तोडले गेले. कल्पना चांगली, रचना शहरी, हाच आपल्या कितीतरी योजनांचा मृत्युलेख आहे. कायद्यातील तरतूद मात्र कायम आहे. १ एप्रिल २०२६ पासून अमलाची तारीख ठरलेल्या आयकर कायदा २०२५ मध्येही तिला जागा मिळाली आहे.

या नव्या कायद्याने ८१९ कलमे ५३६ वर आणली, शब्दसंख्या जवळजवळ निम्मी केली, ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ हा घोळ मिटवून एकच ‘कर वर्ष’ ठेवले. १९६१ च्या कायद्याचे जंगल असे साफ झाले, हे चांगलेच झाले. पण झरीचा करदाता कायदा वाचत नाही, तो अर्ज भरतो. कायदा सुटसुटीत होऊन अर्ज तसाच राहिला, तर सुटसुटीतपणाचा लाभ वकिलांना होईल, करदात्याला नव्हे.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, ज्याचे उत्पन्न केवळ पगार, निवृत्तिवेतन, बँकेचे व्याज आणि मर्यादित शेती एवढेच आहे आणि ज्याचा कर शून्य आहे, त्याला विवरणपत्र ‘भरायला’ लावूच नये. पगाराचा तपशील मालकाकडून, व्याजाचा तपशील बँकेकडून विभागाकडे आधीच पोहोचलेला असतो. विभागाने तयार केलेला हिशेब मराठीत मोबाइलवर पाठवावा. माणसाने ‘मान्य’ म्हणावे आणि विषय संपावा. स्वीडनसारख्या देशांत आधीच भरलेले विवरणपत्र नागरिक दूरध्वनीवरून किंवा मोबाइलवरून मान्य करतात. मग अंगठ्याच्या ठशावर आणि मोबाइलवर कोट्यवधी व्यवहार करून दाखविणाऱ्या भारताला हे अशक्य का असावे?

याच बाबतीत अमेरिकेचा धडा मात्र उलटा आहे आणि तो आपण वेळीच घेतला पाहिजे. तेथे विवरणपत्र भरून देण्याचा धंदा इतका माजला की, सरकारने स्वतःची मोफत व्यवस्था उभारू नये यासाठी त्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे जोर लावला. अखेर २०२४ साली १२ राज्यांत सरकारी मोफत सेवा सुरू झाली, २०२५ साली ती २५ राज्यांत पोहोचली आणि २०२६ च्या हंगामासाठी ती बंद करण्यात आली. मध्यस्थाला एकदा बस्तान बसवू दिले की तो मग राज्यसंस्थेलाच दाराबाहेर उभे करतो.

दुसरी गोष्ट, ‘सहज’ आणि ‘सुगम’ यांतील ५ हजारांची शेती उत्पन्नाची मर्यादा वाढवावी. निदान जेथे शेती उत्पन्न मिळवूनही देय कर शून्यच येतो, तेथे तरी ही अट उठवावी. याला तिजोरीतून एक पैसा लागत नाही.

तिसरी गोष्ट, देय कर शून्य असेल तर विलंब शुल्कही शून्य असावे, नाहीतर नाममात्र असावे.

चौथी गोष्ट, विवरणपत्र भरून देणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची करावी. मुद्रांक विकायला परवाना लागतो, नोटरीला आपल्या शुल्काचा फलक लावावा लागतो. मग लोकांचे पॅन, आधार आणि बँक खाते हाताळणाऱ्याला कसलाच परवाना का नको? त्याचा नोंदणी क्रमांक प्रत्येक विवरणपत्रावर यावा, दरफलक मराठीत दर्शनी लागावा आणि परताव्यात टक्केवारी घेणे हा गुन्हा ठरावा. खोटा दावा निघाला तर पहिली नोटीस त्याला जावी.

पाचवी गोष्ट, सज्जकर्ता योजनेला आदिवासी व दुर्गम तालुक्यांत नवे रूप द्यावे. मानधन कराच्या टक्केवारीवर न ठेवता दर विवरणपत्रामागे ठेवावे आणि ते सरकारने द्यावे. तालुक्यातीलच पदवीधर मुलामुलींना, त्यातही कोलामी-गोंडी बोलणाऱ्यांना, प्राधान्य द्यावे. जून-जुलैत तहसील कार्यालयात आणि मुकुटबन, पाटण यांसारख्या बाजारगावांत आठवडी बाजाराच्या दिवशी विभागाची शिबिरे लागावीत.

समाजाचेही काही देणे

येथे सनदी लेखापालांवर ठपका ठेवण्याचा हेतू नाही. १९४९ साली कायद्याने उभी राहिलेली त्यांची संस्था ही देशाच्या आर्थिक शिस्तीचा एक खांब आहे. वर्षानुवर्षे अभ्यास करून मिळविलेल्या विद्येचे मोल मागणे हा त्यांचा अधिकार आहे. कंपनीचे ताळेबंद, गुंतागुंतीचे व्यवहार, अपिले यांसाठी त्यांच्याविना गत्यंतर नाही. पण ज्याला त्यांच्या विद्येची मुळात गरजच नाही, अशा माणसाला सरकारी अर्जाच्या क्लिष्टतेने त्यांच्या दारात ढकलावे, हे त्यांच्याही विद्येला शोभणारे नाही. वैद्याने कुशल असावे, पण राज्याने म्हणून लोकांना आजारी पाडू नये.

ज्यांच्याकडे ही विद्या आहे, त्यांनी वर्षातला एक रविवार एखाद्या दुर्गम तालुक्याला द्यावा. रक्तदान शिबिरे होतात, नेत्रतपासणी शिबिरे होतात. मग विवरणपत्राचे शिबिर का होऊ नये? वणी-यवतमाळच्या वाणिज्य महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हेच प्रात्यक्षिक म्हणून देता येईल. शाळेच्या एका खोलीत दहा-बारा संगणक, सोबत कोलामी जाणणारा एक तरुण आणि देखरेखीला एक जाणकार एवढ्यावर एका दिवसात कित्येक कुटुंबांचा प्रश्न सुटेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपला हिशेब आपल्याला कळतो हा विश्वास त्या कुटुंबांत रुजेल.

मात्र समाजाने पुढाकार घेतला म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही. ईशान्येतील काही भागांत तेथल्या अनुसूचित जमातींच्या स्थानिक उत्पन्नाला कायद्यानेच आयकरातून सूट आहे. झरी जामणीच्या कोलाम किंवा गोंड नोकरदाराला ती नाही आणि तो ती मागतही नाही. देशाच्या कराचा भार इतर देशबांधवांच्या खांद्याला खांदा लावून उचलायला तो तयार आहे. त्याचे म्हणणे इतकेच आहे की, कर असेल तर सांगा, तो देईन. कर नसेल तर ‘नाही’ हा शब्द लिहिण्यासाठी दलालाला पैसे द्यायला लावू नका.

करदाता हा राष्ट्राचा भागीदार असतो, असे अर्थसंकल्पी भाषणांतून वारंवार ऐकू येते. भागीदाराला आपल्या खात्याची वही स्वतःच्या डोळ्यांनी, स्वतःच्या भाषेत वाचता आली पाहिजे. ती वाचून दाखवायला भाड्याचा माणूस लागत असेल, तर भागीदारी कसली? आणि जोवर पैनगंगेकाठचा शिक्षक शून्याची पावती मिळविण्यासाठी रोख पैसे मोजतो आहे, तोवर या राज्यातला इजारा संपला, असे कोणी म्हणू नये.